जुन्या रायफलीचा चाप जड लागत असेल तर

रानडुक्कर आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखण्यासाठी परवाना घेतलेली जुनी रायफल पावसाळ्यानंतर बाहेर काढल्यावर तिचा चाप चिकट लागला, तर अनेकदा दोष स्प्रिंगचा नसून आत डिंकासारख्या वाळलेल्या तेलाचा असतो. आधी रायफल रिकामी करून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, बोटाने चाचपावे. मग बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) चढवून, सेफ्टी (बार उडू न देणारी कळ) लावून चाप दाबावा, सोडावा आणि सेफ्टी काढावी. त्या क्षणी ‘खट्’ आवाज आल्यास ती रायफल वापरू नये. गावातला लोहार कितीही हुशार असला, तरी झिजलेल्या खटक्यावर (चाप दाबेपर्यंत बार अडवून धरणाऱ्या आतल्या भागावर) त्याला कानस चालवू देऊ नये, कारण वरचा कडक थर गेला की धक्क्यानेही बार उडू शकतो. शिवाय १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो.