कीपर व्हायचंय? आधी बाकावर बसायला शीक

माझ्याकडे फुटबॉलमधलं कीपिंग, म्हणजे गोल राखणं, शिकायला येणाऱ्या मुली पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, डाइव्ह कधी शिकवणार?" त्यांच्या आया विचारतात, "यात पुढे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण माझ्या खेळण्याच्या वर्षांतला सगळ्यात जास्त वेळ जिथे गेला, त्या राखीव खेळाडूंच्या बाकाबद्दल आजवर कोणी विचारलेलं नाही.

मी गोलात उभी राहिले ती काही हौसेनं नाही. कोथरूडच्या आमच्या शाळेच्या संघात मोजून बारा मुली होत्या आणि पळायचा कंटाळा फक्त मला होता. कीपरला पळावं लागत नाही, हा गैरसमज तीन आठवड्यांत पुरता फिटला. आजी पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून सामना बघायची आणि घरी येऊन म्हणायची, "बाकीच्या पोरी चेंडू चुकवतात, तू अंगावर घेतेस. कोणावर गेलीस गं?"

आता पुण्याची एक अडचण सांगते. बाणेर, वाकड, कोथरूड, जिकडे बघावं तिकडे टर्फ झाली आहेत. पाच-पाच जणींचा खेळ, तासाचे पैसे वाटून घ्यायचे, रात्री दिवे लावून खेळायचं. मजा येते, पण कीपरसाठी ही फसवी शाळा आहे. तिथला गोल इतका लहान असतो की हात-पाय पसरून उभं राहिलं तरी निम्मा झाकला जातो. खरा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. मी पंधराव्या वर्षी निवड चाचणीला गेले तेव्हा त्या मापाच्या गोलात जेमतेम तिसऱ्यांदा उभी राहत होते. पहिले तीन चेंडू माझ्या डोक्यावरून गेले आणि तिन्ही वेळा मी वळून बघितलं, जणू मागे कोणी दुसरी कीपर आहे. म्हणून सांगते, आठवड्यातून एकदा तरी पूर्ण मैदानावर सराव कर. कॉलेजचं मैदान मिळव, मुलांच्या संघाला कीपर कमी असेल तर त्यांच्यात उभी राहा. मैदानावर दोन्ही खांबांना हात लावून ये, पावलांनी अंतर मोज. पेनल्टीच्या ठिपक्यापासून, म्हणजे ११ मीटरवरून, मागे वळून गोल किती मोठा दिसतो ते एकदा बघ. मारणाऱ्या मुलीला तो तसाच दिसत असतो. आणि मग तू गोलातून चार पावलं पुढे आलीस की तो केवढा लहान होतो, हेही तिथूनच कोणाला तरी बघायला सांग.

पडायला शिकायचं ते गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. कुशीवर पडायचं, पोटावर कधीच नाही. आपल्याकडची बरीच मैदानं मुरमाची, तेव्हा कमरेला पॅड असलेली चड्डी घे, नाहीतर महिनाभर एका कुशीवर झोपावं लागेल. गुडघ्याला मात्र जप. आतला एसीएल नावाचा, हाडं बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तो बहुतेक वेळा कोणी न धडकताच तुटतो: उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळला की झालं. उड्या मारून नीट उतरायचा सराव कंटाळवाणा असतो. तो चुकवू नकोस.

ग्लोव्हजच्या दोन जोड्या ठेव. जुनी सरावाला, नवी सामन्याला. मुरमावर तळव्याचं लॅटेक्स किसणीवर खोबरं किसावं तसं झिजतं. कोमट पाण्यात साबणाची पावडर न घालता धुवायचे, सावलीत वाळवायचे, सामन्याआधी किंचित ओले करायचे. माझ्या आईनं एकदा पांढरे होतील म्हणून ब्लीचमध्ये भिजवले होते. पांढरे झाले, पण त्यानंतर त्यांच्यातून साधा बसपासही निसटला असता.

आता बाक. फॉरवर्ड राखीव असली तरी तिला शेवटची वीस मिनिटं मिळतात. दुसऱ्या कीपरला काहीच मिळत नाही. पहिली कीपर जखमी झाली, तिला लाल कार्ड मिळालं किंवा तिचे दिवस फारच वाईट चालले असतील, तरच. वर्ल्ड कपच्या प्रत्येक संघात तीन कीपर न्यावेच लागतात, आणि त्यातल्या दोघी बऱ्याचदा एक मिनिटही न खेळता परततात. मी एका क्लबकडे एक अख्खा मोसम होते. खेळले दीड सामना.

त्यातला अर्धा सांगते. साठाव्या मिनिटानंतर आमच्या पहिल्या कीपरचं बोट निखळलं. मी मध्यंतरात अंग गरम केलेलं नव्हतं, बाकावर बसून केळं खात होते. आत गेले, आणि माझ्याकडे पहिला चेंडू आला तो आमच्याच डिफेंडरच्या पायातून. घाबरून मी तो हातात घेतला. बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मागे दिलेला चेंडू, हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ पासून आहे, मी तो दहा-बारा वर्षांच्या मुलींना शिकवत होते! समोरच्यांना इनडायरेक्ट फ्रीकिक मिळाली, गोल झाला. त्या रात्री होस्टेलवर मी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक चौकडीची वही आणली.

तेव्हापासून बाकावरचं माझं काम ठरलं. मध्यंतरात तीस चेंडू हातात घ्यायचे आणि दहा पायानं परत द्यायचे. सामना चालू असताना वहीत लिहायचं: समोरच्यांची नऊ नंबर कोणत्या पायाची, कॉर्नर जवळच्या खांबावर येतोय की लांबच्या, पेनल्टी कोण मारेल. २०२५ च्या मोसमापासून चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो, रेफरी शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजतो. मग आपली पहिली कीपर किती सेकंदं घेते, तेही मी बाकावरून मोजायचे. तिला ते आधी आवडलं नाही. नंतर तीच विचारायला लागली.

बाकाची किंमत कळायला एक उदाहरण पुरे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई करंडक आपल्या महाराष्ट्रात झाला, काही सामने बालेवाडीतही. भारतानं इराणशी गोलशून्य बरोबरी केली आणि मग संघात करोना शिरला. पुढच्या सामन्याला किमान १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. यजमान देश स्पर्धेतून बाहेर!

आता आयांचा प्रश्न. पुण्यात राहून व्यावसायिक कीपर होता येईल का? आज तरी अवघड. इंडियन विमेन्स लीगच्या २०१६-१७ च्या पहिल्या मोसमात अंतिम फेरीतल्या सहा संघांत एफसी पुणे सिटी होता, पण तो क्लब २०१९ मध्ये बंद झाला. त्यामुळे जिल्हा, मग राज्याचा संघ, मग राष्ट्रीय स्पर्धा (तिला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात, आणि तिथे मणिपूरच्या पोरी भल्याभल्यांना घाम फोडतात) आणि तिथून कोणी हेरलं तर केरळ, ओडिशा, तामिळनाडू, कोलकाता. बॅग भरायची तयारी हवी. मला पहिले दोन आठवडे सगळ्यात जास्त आठवण घरच्यांच्या आधी वरणभाताची यायची.

पैशांचं स्पष्ट बोलू. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं लीगमधल्या क्लबांना निदान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचे करार करायला सांगितलं. पूर्वी तेवढीही हमी नव्हती. तरी करार वाच. किती महिन्यांचा आहे, राहण्याजेवणाचं काय, दुखापतीचा खर्च कोण करणार. माझे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे सात महिने उशिरा आले. तेव्हा कागदावर तारीख होती म्हणून निदान भांडता तरी आलं.

आणि डिग्री सोडू नकोस. हा पुणेरी सल्ला वाटेल, वाटू दे. आदिती चौहान भारताची माजी कीपर, इंग्लंडला गेली ती लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला, आणि तिथे असतानाच २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात पोचली. पालकांना हे उदाहरण मी चहासोबत देते, लागू पडतं. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात, म्हणून सगळी एका फाइलमध्ये ठेव. पुढे शिकवायचं असेल तर प्रशिक्षकांच्या डी लायसन्सपासून सुरुवात होते, कीपिंगचे कोर्स वेगळे. मी ते खेळत असतानाच केले. बाकावर बसणाऱ्याला अभ्यासाला वेळ असतो.

सध्या माझ्याकडे सात जणी आहेत. नवीन आलेलीला मी पहिल्या रविवारी खेळवत नाही, वही देऊन बाकावर बसवते. बहुतेक जणी रुसतात. मागच्या महिन्यात आलेल्या एका अकरा वर्षांच्या पोरीनं अर्ध्या तासात अडीच ओळी लिहिल्या: "नऊ नंबर डावरी. पेनल्टीच्या आधी उजवीकडे बघते आणि मारते डावीकडे. ताई, भूक" एवढ्यावर वाक्य सोडून ती डबा खायला गेली होती. पुढच्या रविवारी तिला गुडघ्यांवरून पडायला शिकवलं.