प्रस्तावना शेवटी वाचा

समीक्षा म्हणजे सारांश नव्हे, हे एम.ए.च्या पहिल्या वर्षातच तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असतं. वर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठं, किंमत. मग आशय, मग बलस्थानं, मग उणिवा, हा साचाही पाठ असतो. ते सगळं मी सोडून देते. मला बोलायचंय ते प्रस्तावनेबद्दल. या एका गोष्टीने माझी दोन-तीन वर्षं खाल्ली, आणि अजूनही इथे पुण्यात विद्यापीठातली चांगली वाचणारी मुलंमुली तिथेच अडकलेली दिसतात.

आपल्याकडे पुस्तकाला दुसऱ्याची प्रस्तावना घ्यायची पद्धत आहे. एखादे ज्येष्ठ समीक्षक, निवृत्त प्राध्यापक, चळवळीतले कुणी जाणते कार्यकर्ते पंधरा-वीस पानं लिहून देतात. ती बहुतेक वेळा मन लावून लिहिलेली असतात. पुस्तक कोणत्या परंपरेत बसतं, आधी असं कुणी लिहिलंय, गाभा काय, कोणता उतारा महत्त्वाचा, सगळं तिथे असतं. म्हणजे प्रस्तावना ही त्या पुस्तकाची पहिली समीक्षाच असते, आणि ती लिहिणाऱ्याचं वाचन तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. ती पुस्तकात पुढे छापलेली, म्हणून आपण ती आधी वाचतो. त्यानंतर आपण जे करतो त्याला पुस्तक वाचणं म्हणता येत नाही. प्रस्तावनेत जे सांगितलंय त्याचे पुरावे आपण पुढच्या पानांत गोळा करत जातो.

माझ्या बाबतीत घडलं ते एका ऊसतोड कामगाराच्या आत्मकथनावरून. मी बीडकडची. आमच्या गावातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या पार उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. हे पुस्तक मला इतर कुणाहीपेक्षा जास्त कळायला हवं होतं. प्रस्तावनेत 'वेदनेचा दस्तऐवज' असा शब्दप्रयोग होता. माझ्या समीक्षेतही तो आला, दोनदा. संपादकांनी हस्तलिखित परत पाठवलं तेव्हा त्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ होती आणि समासात एवढंच लिहिलं होतं: 'कुठल्या पानावर?'

मी पुस्तक पुन्हा काढून बसले. वेदना होती, नाही असं नाही. पण पानामागून पान भरलं होतं ते हिशोबाने. टोळी नेणाऱ्या मुकादमाने किती उचल, म्हणजे आगाऊ रक्कम दिली, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता कसा धरतात, खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, की किती कापतात, बायको बाळंत झाली तर अर्धा कोयता कसा लावतात, हंगाम संपल्यावर मुकादमाच्या वहीत अजून किती देणं फिरतंय. लेखक रडत नव्हता, तो ती वही वाचकापुढे उघडी करत होता. एक अख्खं प्रकरण फक्त आकड्यांतल्या भांडणाचं होतं, आणि त्या भांडणात लेखकाची आई मुकादमाला तोंडी हिशोबात हरवते. पुस्तकातली सगळ्यात ताकदीची जागा ती. माझ्या समीक्षेत तिचा उल्लेखही नव्हता, कारण प्रस्तावनेत नव्हता.

हे नेमकं कसं होतं ते सविस्तर सांगते, कारण 'स्वतंत्र विचार करा' या उपदेशाने कुणाचंच भलं होत नाही. प्रस्तावना आपल्या लिखाणात तीन वाटांनी शिरते. पहिली वाट विशेषणांची. 'अस्सल', 'दाहक', 'अंतर्मुख करणारं' हे शब्द तुम्ही कुठून आणले ते तुम्हाला आठवत नाही, पण बहुतेक वेळा ते तिथूनच किंवा मलपृष्ठावरून आलेले असतात. दुसरी वाट उताऱ्यांची. प्रस्तावनाकाराने जे दोन-तीन उतारे दिलेत, तिथे पुढे वाचताना आपली नजर आपोआप थांबते, आणि आपल्यालाही तेच उद्धृत करावेसे वाटतात. तिसरी सगळ्यात फसवी, तुलनेची. हे पुस्तक अमुक लेखकाच्या जवळ जातं असं तिथे म्हटलेलं असतं, तुम्ही तो अमुक लेखक वाचलेलाही नसतो, तरी ते वाक्य थोडं फिरवून तुमच्या लेखात येतं. उद्या भर वर्गात कुणी विचारलं की कसं काय जवळ जातं, तर घशाला कोरड पडते.

तपासायला सोपं आहे. लेखाची प्रिंट काढा, प्रत्येक मतापुढे पुस्तकातला पान क्रमांक लिहा. क्रमांक सापडत नसेल तर ते मत तुमचं नाही, काढून टाका. 'लेखकाने कामगारांच्या व्यथा प्रभावीपणे मांडल्या आहेत' या वाक्यापुढे कुठलाच क्रमांक लिहिता येत नाही. 'उचल फिटत का नाही हे लेखक उपदेश न करता, सलग तीन हंगामांचे हिशोब शेजारी ठेवून दाखवतो' या वाक्यापुढे लिहिता येतो. पहिलं वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालेल, दुसरं त्या एकाच पुस्तकाचं आहे.

म्हणून मी आता मलपृष्ठाला वर्तमानपत्राचा कागद लावते आणि थेट पहिल्या प्रकरणापासून सुरू करते. वहीच्या डाव्या बाजूला पान क्रमांक, उजवीकडे जे वाटलं ते, अगदी 'इथे कंटाळा आला' असंसुद्धा. कंटाळा कुठे आला ही समीक्षकाच्या फार कामाची नोंद असते. पुस्तक संपलं की ते मिटून, न उघडता, हे पुस्तक नक्की काय करतंय ते चार-पाच ओळींत लिहायचं. त्यानंतर लेखकाचं मनोगत, आणि सगळ्यात शेवटी प्रस्तावना. तेव्हा ती खरोखर उपयोगी पडते, कारण आता तुमच्याकडे स्वतःचं म्हणणं असतं आणि तिच्याशी वाद घालता येतो. माझ्या लेखांतले काही बरे परिच्छेद अशा वादातूनच आलेत.

इथे एक अपवाद नीट लक्षात ठेवा, नाहीतर माझं ऐकून वेगळीच चूक कराल. संशोधनपर ग्रंथाला लेखकाने स्वतः लिहिलेलं प्रास्ताविक असतं, ते आधी वाचायचं आणि दोनदा वाचायचं. त्यात लेखक आपला दावा मांडतो, आणि तो पुढच्या प्रकरणांत पुरा केला का हे बघणं हेच तर तुमचं काम. शोधनिबंधाचंही तसंच. निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा झालाय का, एवढा एक प्रश्न घेऊन बसलात तरी अर्धी समीक्षा होते. मुलाखती एका तालुक्यातल्या दोन गावांतल्या आणि शेवटचं वाक्य 'महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रिया' असं असेल, तर ते शांतपणे, दोन्ही पान क्रमांकांसह लिहा. आवाज चढवायची गरज नाही.

शिवाय एकदोन तळटीपा तरी मुळापर्यंत जाऊन बघा. पुण्यात राहून हे न करणं मला अक्षम्य वाटतं. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, अर्थशास्त्र आणि जनगणनेच्या जुन्या आकड्यांसाठी १९३० सालची गोखले संस्था आहे, संस्कृत-प्राकृत आणि हस्तलिखितांसाठी १९१७ सालची भांडारकर संस्था, साहित्यासाठी टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद. संदर्भ दिलेल्या पानावर ते वाक्य नाहीच, किंवा आहे पण अर्थ उलटा आहे, असं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

आता पुण्यातली एक अडचण, भीड. इथे लेखक दोन गल्ल्या सोडून राहतो. पत्रकार भवनात किंवा एस. एम. जोशी सभागृहात प्रकाशन असतं, तुम्ही चहाच्या रांगेत असता आणि लेखक स्वतः पुस्तक हातात देऊन म्हणतो, 'वाचून सांगा हं.' एकदा असं पुस्तक घेतलं की हात जड होतो. परीक्षण लिहायचं असेल तर प्रत संपादकाकडून घ्या, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जाऊन विकत घ्या. पैसे नसतात हे मला माहीत आहे. मीही महिनाअखेरीला मेसचे पैसे भरायचे की पुस्तक घ्यायचं या पेचात राहिलेय. मग ग्रंथालयाची प्रत वापरा, पण लेखकाकडून भेट घेऊ नका.

भिडेच्या उलट टोकाला आहे तो कडक दिसण्याचा हव्यास. नवखा समीक्षक धाक बसवायला शुद्धलेखनाच्या चुका मोजतो. याच पुण्यात १८७३ साली जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केलं आणि त्यात फुल्यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या भाषेवर, व्याकरणावर सपाटून तोंडसुख घेतलं. शास्त्रीबुवांची शैली आजही वाचायला आवडते. पण फुल्यांनी विचारलेले प्रश्न त्या व्याकरणाने सुटले नाहीत, आणि आज लोक चर्चा करतात ती त्या प्रश्नांची. मुद्रणदोष फार असतील तर शेवटी एक ओळ लिहा. ते पाप पुष्कळदा प्रकाशकाचं असतं. आधी दाव्याला भिडा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे आणि ते तसंच राहणार. पुस्तकाचा सारांश सांगणारे व्हिडिओ आणि आयता सारांश काढून देणारी ॲप्स म्हणजे प्रस्तावनेचीच जास्त वाईट आवृत्ती. प्रस्तावनाकाराने पुस्तक वाचलेलं तरी असतं! मार्गदर्शकांचंही तेच. मसुदा न वाचता 'छान झालंय, पाठवून दे' म्हणणारे सर गोड वाटतात; त्यांच्या गोडव्यात माझं एक सबंध वर्ष गेलं. जे तुमची वाक्यं स्वतःच लिहून देतात तेही नकोत, लेख सुधारतो आणि तुम्ही आहात तिथेच राहता. 'कुठल्या पानावर?' एवढंच विचारणारं माणूस शोधा. ते वर्गमैत्रीणही असू शकते.

आणि घाबरू नका. बाहेरून आलेल्यांना इथे वाटतं की सगळ्यांनी सगळं वाचलंय, आपल्याच बोलीत काहीतरी खोट आहे. मला अजूनही साहित्य परिषदेच्या जिन्यावर तसं वाटतं. पण ते आत्मकथन वाचताना कोयता आणि खाडा म्हणजे काय हे मला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. ते ज्ञान प्रस्तावनाकाराकडे नव्हतं, माझ्याकडे होतं, आणि मी ते बाजूला ठेवून त्यांचे शब्द उसने घेतले होते. तुम्ही ज्या घरातून, गावातून, धंद्यातून आलात त्याने तुम्हाला कुठल्या ना कुठल्या पुस्तकाचं जाणकार केलेलं आहे. पहिली समीक्षा त्या पुस्तकाची लिहा.

लेख हजार शब्दांच्या आत ठेवा, आशय सांगायला त्यातले तीनशे पुरे. आवृत्ती कितवी, ती सुधारित आहे की नुसतं पुनर्मुद्रण, हे पाठवण्याआधी बघा; जुन्या आवृत्तीतली उणीव नव्या आवृत्तीवर लादलीत तर बाकीच्या लेखावर कुणी विश्वास ठेवत नाही. छापून आल्यावर कदाचित लेखकाचा फोन येईल. आवाज चढलेला असला तरी 'सर' किंवा 'मॅडम' सोडू नका, आणि ती पान क्रमांकांची वही फोनच्या जवळ ठेवा. ते म्हणतील, 'असं मी कुठे म्हटलंय?' पान सांगायचं, ओळ वाचून दाखवायची, आणि ते पुढे काय म्हणतात ते पूर्ण ऐकून घ्यायचं. त्यांचं बरोबर निघालं तर त्याच दिवशी संपादकांना दुरुस्ती कळवायची.