बायपास करून माणूस घरी येतो तेव्हा: आमच्या पाखाडीवरचे पहिले तीन महिने

ह्यांची हृदयाची बायपास झाली त्याला या कार्तिकात तीन वर्षं होतील. ऑपरेशन कोल्हापूरला, घर रत्नागिरी तालुक्यात पावसच्या अलीकडे, मध्ये आंबा घाट. सोडताना दिलेल्या कागदावर ‘सपाट जागी चालावे’ असं लिहिलं होतं. आमच्या वाडीत सपाट म्हणजे फक्त खळं, घरापुढचं अंगण. रस्त्याला लागायचं तर ४२ चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची, आणि दमून परत येताना तीच चढायची. म्हणून हे लिहिते आहे, ज्या घरात असा माणूस येणार आहे त्या घरातल्या बाईसाठी.

येताना वाटेत दर तासाभराने गाडी थांबवून ह्यांना दोन मिनिटं उभं केलं. गाडीचा पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक छोटी उशी ठेवली. ती उशी पुढे तीन महिने हाताशी राहिली. खोकला किंवा शिंक आली की ती छातीशी घट्ट धरायची, म्हणजे दुखणं निम्मं होतं. दुखतं म्हणून खोकला दाबून ठेवू देऊ नका, कफ आत साठतो. तीन चेंडूंचं फुंकणीसारखं यंत्र देतात, त्यातून श्वास आत ओढायचा असतो, बाहेर फुंकायचा नसतो. आम्ही पहिले दोन दिवस उलटंच करत होतो.

आता हाडाचं. छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीन महिने. तोवर चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. भरलेली कळशी नाही, रहाट ओढणं नाही, नातवंडाला कडेवर घेणं नाही, दुचाकी नाही. जमिनीवरचं अंथरूण बंद करून खाट काढा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपराच्या आधाराने बसायचं. आणि मदत म्हणून बगलेत हात घालून कुणी ओढू नका. येणारी-जाणारी माणसं मायेने नेमकं तेच करतात.

सातव्या आठवड्यात आमच्याकडून चूक झाली. मोहोर आला होता, फवारणीला गडी आला नाही. मी मागील दारी असताना ह्यांनी पाठीवरचा पंप उचलला. छातीत ‘टक’ असा आवाज झाला आणि हे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, धरून खाली बसले. एक्स-रेत तारा जागेवर दिसल्या, पण हाडाला आधार म्हणून बांधायचा छातीचा पट्टा आणखी महिनाभर लागला. हाड असं वाजलं, जखमेतून पाणी आलं, ताप चढून राहिला तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. रोज सकाळी वजनही करा. एका दिवसात किलो-दीड किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली, तर अंगात पाणी साठतंय. छातीत कळ आली तर गाडी शोधत बसू नका, थेट १०८ ला फोन करा. आमच्या पाखाडीखाली गाडी कुठे उभी राहते ती खूण फोनशेजारी लिहून ठेवली आहे.

बायपाससाठी बहुधा पायातली शीर काढलेली असते, त्या पायाला सूज येतेच. बसताना पाय उशीवर उंच ठेवा.

चालणं पहिल्या आठवड्यात खळ्यातच, तुळशीपासून गडग्यापर्यंत, पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवलं. चालता चालता पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर थांबायचं. महिन्याने डॉक्टरांना विचारून पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, नेलं, ते ओहोटीची वेळ बघून. ओली वाळू घट्ट असते. सुक्या वाळूत पाय रुततात आणि शंभर पावलांत माणूस दमतो. वैशाखात सकाळी आठच्या आत परत यायचं.

जेवणात आमचं खरं भांडण मिठाशी झालं. माणशी दिवसाला एक सपाट चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, त्याहून कमीच. मी दोघांचं मीठ सकाळीच वाटीत काढून ठेवते, ती संपली की संपली. सुका बांगडा, सुकट, पापड, लोणचं बंद केलं. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, किती मीठ असतं ते आपण विसरतो. आता कोकमं मी बिनमिठाचीच वाळवते. नारळ सोडला नाही, पण रोजचा एक नारळ आता तीन दिवसांना पुरवते. ताजा बांगडा उत्तमच, पण तेलात न तळता तिखलं करून किंवा हळदीच्या पानात भाजून. आणि तंबाखू, मिश्री घरातूनच बाहेर. ह्यांच्यासाठी मीही मिश्री सोडली.

बायपासने रक्ताला नवी वाट मिळते, मूळ आजार जात नाही. नव्या शिराही बुजू शकतात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी बरं वाटलं म्हणून, रिपोर्ट चांगला आला म्हणून, कुणी झाडपाला दिला म्हणून आपल्या मनाने कधीच बंद करायची नाही.

ज्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं ते म्हणजे रडणं. दुसऱ्या आठवड्यात हे रात्री पडवीत बसून रडायचे. विचारलं तर कारण सांगता यायचं नाही. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, या ऑपरेशननंतर पुष्कळांना असं होतं, बहुतेकांचं निवळतं. महिन्याभरात निवळलं नाही तर सांगा, त्यावरही उपचार आहेत. नवरा-बायकोच्या संबंधांचंही न लाजता विचारा. दोन जिने धाप न लागता चढता आले की साधारणपणे हरकत नसते. मात्र संबंधांसाठी घेतात ती ताकदीची गोळी आपल्या मनाने नको. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवतात त्या गोळीबरोबर ती जिवावर बेतते.

ह्यांचं मन खरं सावरलं ते काम हातात दिल्यावर. खुर्चीत बसवून ‘तुम्ही काही करू नका’ म्हणणं बंद केलं. आधी आमसुलं उलटणं, मग गड्यांचा हिशेब, मोसमात आंब्याची प्रतवारी. आंबे उतरवायचा झेला हातात दिला तो सहाव्या महिन्यात, डॉक्टरांना विचारून, आणि जमिनीवर उभं राहून पोचेल तेवढ्याच फांदीला.

पाखाडीवर विसाव्या पायरीला फणसाच्या सावलीत मी एक रुंद चिरा बसवून घेतला. अजूनही हे तिथे दोन मिनिटं बसतात आणि मगच वर येतात. तुमच्याकडे चढ असेल तर माणूस घरी यायच्या आधीच तेवढं करून घ्या.