प्लेयरच्या पैशांवर वाद घालायचाय? मग असा घाला

आयपीएल नाहीतर प्रो कबड्डीचं ऑक्शन झालं की दापोलीच्या एसटी स्टँडपासून गुहागरच्या नाक्यापर्यंत एकच विषय, याला एवढे कोटी कशाला दिले आणि त्याला कोणी घेतलं कसं नाही. मग सीझन सुरू होतो आणि दोन मॅच फेल गेला की "पैसे घेऊन झोपलाय" चालू. मला हा वाद मनापासून आवडतो, तासन् तास घालू शकतो, पण बऱ्याचदा दोन माणसं दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडत असतात आणि मधल्या मधे शिव्या प्लेयरला पडतात. माझं म्हणणं एवढंच की किंमत लावतो तो मालक आणि खेळतो तो प्लेयर, त्या दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा. तो कसा मांडायचा ते इथे लिहितोय, क्रिकेट आणि कबड्डी दोन्हीसाठी, आणि शेवटी आपल्या गावच्या लिलावासाठी पण, कारण खरी गरज तिथेच आहे.

आधी विचारा, पैसा कुठला?

समोरचा म्हणाला "त्याला इतके मिळतात" की पहिला प्रश्न हाच. आयपीएलचा ऑक्शनचा आकडा हा एका सीझनचा असतो. ऋषभ पंतचे २७ कोटी म्हणजे तीन वर्षांचे मिळून २७ असं सांगणारे मी खूप बघितलेत, तसं नाहीये, वर्षाला २७, आणि संघाने रिलीज केलं तर पुढचं वर्ष नाही. हे पण लक्षात ठेवा, म्हणजे "तीन वर्षं बसून खाणार" हा मुद्दा तिथेच संपतो.

त्याच्यावर मॅच फी वेगळी. २०२५ पासून आयपीएलमध्ये प्रत्येक सामन्याला साडेसात लाख मिळतात. आता बघा, ३० लाखाच्या बेस प्राइसला, म्हणजे बोली सुरू होते त्या किमतीलाच, गेलेला पोरगा जर चौदाच्या चौदा लीग मॅच खेळला तर मॅच फीच १ कोटी ५ लाख होते, म्हणजे लिलावाच्या किमतीच्या साडेतीन पट! त्यामुळे "बिचारा ३० लाखात राबतोय" म्हणण्याआधी तो किती मॅच खेळला ते बघा. आणि बेंचवर बसला असेल तर मात्र खरंच ३० लाखच.

क्रिकेट बोर्डाचा (बीसीसीआयचा) वार्षिक करार हे तिसरंच खातं. २०२४-२५ च्या यादीत ए प्लसला ७ कोटी, ए ला ५, बी ला ३ आणि सी ला १ कोटी, वर टेस्टला १५ लाख, वनडेला ६ आणि टी-ट्वेंटीला ३ लाख मॅच फी. हे देशासाठी खेळायचे पैसे, यांचा फ्रँचायझीशी संबंध नाही. श्रेयस अय्यर आणि ईशान किशनला फेब्रुवारी २०२४ मध्ये या यादीतून काढलं होतं, त्याच वर्षी नोव्हेंबरात श्रेयसला पंजाबने पावणे सत्तावीस कोटी दिले, आणि एप्रिल २०२५ ला दोघं यादीत परत पण आले. एक दरवाजा बंद असताना दुसरा उघडा असतो, म्हणून दोन्ही खाती एकत्र करून बोलू नका.

आणि रणजीवाला? ज्याच्या चाळीसपेक्षा जास्त मॅच झाल्यात त्याला दिवसाला ६० हजार, नव्या पोराला ४० हजार. चार दिवसांची मॅच धरली तर नव्याला १ लाख ६० हजार. लीगच्या सात मॅच खेळला तरी सव्वाअकरा लाखाच्या आतच. पोरं आयपीएलच्या मागे का धावतात असं कोणी विचारलं तर हे गणित त्याच्यासमोर मांडा, लालची वगैरे शब्द आपोआप बंद होतात.

किंमत लागली कशी ते शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि नेमका हाच कोणी बघत नाही.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव बघितलाय ना, तीच सुरमई, तेवढीच ताजी, पण घेणारे दोन व्यापारी असले तर एक भाव आणि पाच असले तर भलताच. प्लेयरचं तसंच. नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये पंतची बोली लखनौने २० कोटी ७५ लाखांवर नेली आणि तिथे थांबली होती. मग दिल्लीने, म्हणजे त्याच्या जुन्या संघाने, राइट टू मॅच (शेवटची बोली तेवढीच देऊन आपला खेळाडू परत घ्यायचा हक्क) वापरतो म्हणून सांगितलं. त्या वर्षीच्या नियमात लखनौला एकदा रक्कम वाढवायची संधी होती, आणि ती अशी वाढवायची की दिल्लीची हिंमतच होऊ नये. त्यांनी थेट २७ सांगितले, दिल्लीने सोडून दिला. म्हणजे सव्वासहा कोटी एका झटक्यात वाढले, त्या मधल्या मिनिटात पंतने ना एक बॉल खेळला ना एक कॅच घेतला. ते सव्वासहा कोटी नियमाचे आणि लखनौच्या गरजेचे, त्यांना कॅप्टन, कीपर आणि चेहरा तिन्ही हवं होतं. मग २०२५ च्या सीझनमध्ये त्याच्या २६९ धावा झाल्या, त्यातल्या ११८ एकट्या शेवटच्या मॅचमध्ये बेंगलोरविरुद्ध, म्हणजे बाकी सगळ्या मॅच मिळून १५१. सीझन वाईटच गेला, त्यात वाद नाही, मी पण तेच म्हणेन. पण "२७ कोटीच्या लायकीचा नाही" यातला २७ हा आकडा त्याने मागितलेला नाही, तो प्रश्न लखनौच्या टेबलाला विचारा.

उलट बाजूने पण बघा. धोनीला चेन्नईने २०२५ साठी ४ कोटीत ठेवला, कारण पाच वर्षं इंटरनॅशनल न खेळलेला भारतीय खेळाडू अनकॅप्ड, म्हणजे देशासाठी न खेळलेल्यांच्या गटात, धरायचा असा नियम होता. आता ४ कोटी ही धोनीची लायकी म्हणणार का कोणी? डिसेंबर २०२५ ला अबू धाबीत कॅमेरून ग्रीनला कोलकात्याने २५ कोटी २० लाख दिले, पण मिनी ऑक्शनमध्ये (दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या छोट्या लिलावात) परदेशी खेळाडूला १८ कोटीची मर्यादा आहे, वरचे बोर्डाकडे जातात, खेळाडूंच्या कल्याणासाठी. म्हणजे उद्या ग्रीन शून्यावर गेला तरी "पंचवीस कोटी घेतले" हे वाक्य चुकीचंच राहणार.

जुन्या-नव्याची तुलना टक्क्यात करा

"आमच्या वेळी धोनी दीड मिलियन डॉलरला गेला होता, आता कोणालापण वीस कोटी देतात" हे वाक्य काकालोक हमखास टाकतात. काकांना नाही म्हणायचं नाही, फक्त विचारायचं की तेव्हा पर्स, म्हणजे संघाला खेळाडूंवर खर्च करता येणारी एकूण रक्कम, किती होती. २००८ ला संघाची पर्स होती ५ मिलियन डॉलर, म्हणजे धोनीने ३० टक्के पर्स खाल्ली. २०१५ ला युवराज १६ कोटी, पर्स ६३ कोटी, पंचवीस टक्क्यांच्या जरा वर. २०२४ ला मिचेल स्टार्क २४ कोटी ७५ लाख, पर्स १०० कोटी. पंत २७, पर्स १२० कोटी, साडेबावीस टक्के. म्हणजे या सगळ्यात महाग धोनीच! मोबाईलवर भागाकार करायला दहा सेकंद लागतात आणि वाद एकदम वेगळ्या उंचीवर जातो.

कबड्डीत हा हिशेब अजून भारी लागतो आणि आपल्याकडच्या लोकांनी तो लावलाच पाहिजे. प्रो कबड्डीत संघाची पर्स ५ कोटी. दहाव्या सीझनला तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी साडेसाठ लाख दिले, म्हणजे निम्म्याहून जास्त पर्स एका चढाईपटूवर. पवनने चढाईचे २०२ पॉईंट आणले, आणखी काय करायचं माणसाने, पण टीम तळाला राहिली, कारण उरलेल्या दोन कोटी चाळीस लाखांच्या आत बाकी सगळी टीम उभी करायची होती. आता याला पवन फेल म्हणायचं का? मी नाही म्हणणार. त्याच सीझनला पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूईला २ कोटी ३५ लाख दिले, ते पण ४७ टक्के, आणि पलटण चॅम्पियन. पुढच्या वर्षी हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतला, हरियाणा चॅम्पियन! मग फरक कुठे पडला? शादलूई ज्या टीममध्ये गेला तिथे बाकीचे सहा जण पण तयारीचे होते. मोठी रक्कम दिली ही चूक नसते, ती दिल्यावर उरलेल्या पैशात काय घेतलं ते बघायचं, आणि ते काम मॅनेजमेंटचं.

परफॉर्मन्स मोजताना

नुसत्या धावा आणि विकेट मोजू नका, त्याला कशासाठी घेतला होता ते बघा. स्टार्कचं उदाहरण माझं लाडकं आहे. २०२४ च्या पहिल्या दोन मॅचमध्ये ५३ आणि ४७ धावा दिल्या, विकेट एक नाही, आणि लोकांनी एका बॉलची किंमत किती लाख त्याचे हिशेब काढून फिरवले. मग क्वालिफायरमध्ये ३४ ला ३, फायनलमध्ये १४ ला २, अभिषेक शर्माचा ऑफ स्टंप पहिल्याच ओव्हरला, दोन्ही मॅचला प्लेयर ऑफ द मॅच आणि कोलकाता चॅम्पियन. निकाल लावायचा तर सीझन संपल्यावर लावा. उलट वेंकटेश अय्यर, २३ कोटी ७५ लाख, २०२५ ला ११ सामन्यांत १४२ धावा, कोलकात्याने सोडला आणि पुढच्या लिलावात ७ कोटीला बेंगलोरकडे गेला. इथे सीझन संपूनही बाजू घेता येत नाही, तर घेऊ नका, फॅन असलात तरी.

कबड्डीत पॉईंटच्या यादीवर तर अजिबात विसंबू नका. पकड झाली की पॉईंट एकाच्याच नावावर जातो, पण साखळी धरून चढाईवाल्याला कोपऱ्यात ढकलणारा दुसरा असतो, पायात झेप घेणारा तिसराच. रोहा-पेण-अलिबागकडे ज्यांनी मातीतली कबड्डी बघितलीय त्यांना हे सांगायला नको, तिथले जुने लोक कव्हरच्या (कोपऱ्याच्या आत उभं राहून पकड करणाऱ्या) पोराकडे बघून सांगतात की टीम किती पाण्यात आहे. तीच नजर टीव्हीवरच्या मॅचला लावा.

बायकांच्या क्रिकेटबद्दल एकच सांगतो. मॅच फी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरुषांएवढी केली हे खरं आहे, पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात त्यांच्या ए ग्रेडला ५० लाख आणि पुरुषांच्या ए ला ५ कोटी. कोणी "आता सगळं सारखं झालं" म्हणालं की हे दोन आकडे सांगा. महिला प्रीमियर लीगच्या लिलावात स्मृती मानधनाला २०२३ ला ३ कोटी ४० लाख मिळाले, पर्स होती १२ कोटी, म्हणजे २८ टक्के, पंतपेक्षा जास्त हिस्सा. टक्क्याचा हिशेब इथे पण लावाच.

आता आपल्या गावचा लिलाव

भातकापणी झाली, मळे मोकळे झाले की गावोगावी टेनिस बॉलच्या लीग सुरू होतात, मालक कोण तर मुंबईचा चाकरमानी, हॉटेलवाला, वाळू-खडीवाला, आणि यूट्यूबवर लाईव्ह लिलाव. यात पोरं पैशांऐवजी पॉईंटमध्ये विकली जातात आणि तो आकडा वर्षभर त्यांना चिकटतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला "एवढ्या पॉईंटचा आणि कॅच सोडतोस" असं सगळ्यांसमोर ऐकवलेलं मी बघितलंय आणि मला ते सहन होत नाही. पंतपर्यंत तुमच्या शिव्या पोचत नाहीत, या पोरापर्यंत त्याच संध्याकाळी पोचतात, त्याच्या आईपर्यंत पण.

म्हणून इथे हिशेब जास्त नीट करा. सहा ओव्हरची मॅच म्हणजे ३६ बॉल. वरचे तिघं तीस-बत्तीस बॉल खाऊन जातात, सहाव्या नंबरच्या पोराच्या वाट्याला तीन बॉल येतात, एक चौका आणि दोन वेळा दोन, आठ धावा. क्रिकहिरोजवर (स्कोअरच्या ॲपवर) त्याच्या नावापुढे ८ दिसतात आणि ओपनरच्या पुढे २५, पण ओपनरने त्यासाठी १८ बॉल घेतलेत. किती बॉलवर आल्या ते विचारल्याशिवाय तोंड उघडू नका. बोलर पहिली ओव्हर टाकतो की शेवटची ते पण बघा, शेवटच्या ओव्हरला १२ देणारा बोलर बऱ्याचदा मॅच वाचवून देतो.

लिलावाआधी पोरांच्या नावांची यादी लावता तेव्हा कोणी विकला गेला नाही तर त्याला लाईव्हमध्ये "अनसोल्ड" ओरडून दाखवायची काही गरज नाही, गाव आपलंच आहे, उरलेली पोरं चिठ्ठ्या टाकून वाटून घ्या.

बाहेरचा प्लेयर पैसे देऊन आणता तेव्हा तर बोलणी आधीच पक्की करा, व्हॉट्सॲपवर लिहून, तोंडी नको. किती मॅचचे किती, फायनलला गेलो तर वेगळे काय, पावसाने किंवा भांडणाने स्पर्धा बंद पडली तर किती द्यायचे, गाडीभाडं त्यात धरलंय की वर, राहायची सोय कोणाची. आणि लागलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, हे तर आधी विचारा, कातळावर डाइव्ह मारून गुडघा फुटलेल्या पोराला दोन दिवसांनी फोन न उचलणारे मालक असतात, म्हणून. रक्कम कमी ठरली तरी चालेल, पण ठरलेली मॅचच्या दिवशीच हातात द्या, बक्षीस समारंभाच्या आधी, आणि हरलात तरी पूर्ण द्या.