अण्णांचा २०१२चा लॅपटॉप

सकाळी बटण दाबून अण्णा पूजेला बसायचे. पूजा आटोपून आले तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतंच. कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं लिहायची आणि बातम्या वाचायच्या, एवढंच काम, म्हणून नवा घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी एका रविवारी मी त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, चढवायला बसले.

मिंट सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत मिळतं. जुन्या मशीनला एक्सएफसीई घ्या, तिघांत तेच हलकं. २ जीबी रॅमवर चालतं असं मिंटवाले सांगतात. चालेल, पण ब्राउझर उघडायचा असेल तर माझ्या मते ४च्या खाली जाऊ नये. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर मिंटचा नाद सोडून अँटीएक्स हे त्याहून हलकं लिनक्स बघा. आणि घरात कुणी त्याच मशीनवर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर, ते विंडोजसाठीच असतं) वापरत असेल तर हा उद्योगच करू नका.

मिंटच्या साइटवरून उतरवायची फाइल साधारण ३ जीबीची आहे. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि बॅलेना एचर या फुकट प्रोग्रॅमने ती त्यावर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, आणि पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप चालू होताना एफ१२ दाबा (काही मशीनला एफ९ किंवा एस्केप लागतं) आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

आता लगेच इन्स्टॉल करू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं, डिस्कला हात लावत नाही. तासभर तसंच वापरा: आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करायची बटणं, झाकण मिटून उघडल्यावर जागं होतं का. आमच्याकडे वायफाय दिसेचना. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं (म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं), मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर टाकला, झालं. (इन्स्टॉल केल्यावर हे पुन्हा एकदा करावं लागतं.) घड्याळही कुठल्या तरी जुन्या वर्षात गेलं होतं. आतला बटण-सेल संपला की असं होतं, आणि तारीख चुकली की ब्राउझर चांगल्या साइटलाही ‘असुरक्षित’ म्हणतो. इंटरनेट लागलं की वेळ आपोआप जुळते. तरी सेल बदलून घ्या.

खरी गोम मात्र हार्ड डिस्कमध्ये होती. फिरत्या तबकडीची डिस्क तशीच ठेवून नुसती सिस्टिम बदलली तर थोडा फरक पडतो, पण मन भरत नाही. मी २४० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी आणली; हिच्यात फिरणारं काही नसतं, म्हणून ती वेगवान. बॅटरी काढायची, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. मग पाठीमागच्या झाकणाचे स्क्रू. डिस्क वर उचलू नका, आधी कनेक्टरपासून सरळ मागे सरकवा; उचललीत तर पिना वाकतात. तिच्या चौकटीचे चार स्क्रू काढून तीच चौकट एसएसडीला लावा. रॅमचा एक स्लॉट रिकामा दिसला म्हणून तिथे आणखी ४ जीबी बसवली. आधीच्या पट्टीवर पीसी३एल (कमी व्होल्टेजची रॅम) लिहिलं असेल तर नवीनही पीसी३एलच आणा.

यात आणखी एक सोय होते. जुनी डिस्क जशीच्या तशी शाबूत राहते. काही बिघडलं तर परत लावा, संपलं. बॅकअप घेतला का, काही राहिलं का, ही धाकधूक नाही.

इन्स्टॉल करण्यात सांगण्यासारखं फार काही नाही. नवी कोरी डिस्क असल्यामुळे ‘संपूर्ण डिस्क पुसा’ निवडायला भीती नाही. चहा होईपर्यंत उरकतं.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट. ‘सिस्टिमचं डीफॉल्ट वापरा’ची खूण काढल्याशिवाय नवा लेआउट जोडताच येत नाही, मी यात वीस मिनिटं घालवली. अण्णांची बोटं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर बसलेली, त्यामुळे तेच दिलं.

जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून त्यांच्या फाइली आणल्या, तर २०१५च्या आधीची इतिवृत्तं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये तो फॉन्ट सापडला. होम फोल्डरमध्ये ‘.फॉन्ट्स’ नावाचं (नाव इंग्रजीत, सुरुवातीला टिंब) फोल्डर करून त्यात टाकला, लिबरऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) बंद करून उघडलं, आणि अक्षरं उमटली.

अण्णांनी सगळ्यात आधी गणपतीच्या महाप्रसादाचा हिशेब काढला. “आचाऱ्यांना” लिहिताना ‘आचार्यांना’ तर होत नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. ऱ्य बरोबर उमटला. “बरं आहे,” म्हणाले आणि चष्मा पुसून पुढच्या ओळीकडे वळले.