नवीन शुगर निघालेल्यांसाठी: वजनकाटा, वाटी आणि पहिले तीन महिने

नौपाड्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे. अकरा वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये मला रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायला लागलं. तहान तर विचारू नका. ठाण्यातला उन्हाळा, समोर दोन शेगड्या, तहान लागणारच, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. शेवटी डॉक्टरांकडे गेले ती वेगळ्याच कारणासाठी. खाजगी जागी सतत खाज येत होती. मलम लावलं की कमी व्हायची, आठ दिवसांत परत. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "आधी शुगर करून घ्या." उपाशीपोटी १७८, जेवणानंतर २६२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.४. हे मी मुद्दाम उघड लिहिते आहे. अशी खाज हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं हे आम्हा बायकांना कोणी सांगत नाही, आणि आम्हीही महिनोन्महिने अंगावर काढतो.

माझ्या वडिलांना मधुमेह होता. गोळ्या घ्यायचे, पण पायाची जखम त्यांनी घरात कोणाला दाखवली नाही. पुढे पायाचं बोट काढावं लागलं. माझा रिपोर्ट हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा तो पाय आठवला. तुम्हालाही कोणाचं तरी काहीतरी आठवेल. दोन-तीन रात्री झोप लागणार नाही. लागली नाही तर नाही, पण त्या दिवसांत दोन गोष्टी टाळा: भात-पोळी एका फटक्यात बंद करू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून काढा सुरू करू नका. मी पहिले चार दिवस नुसत्या काकडीवर आणि ताकावर काढले. पाचव्या दिवशी दुपारी हात थरथरायला लागले आणि मी समोरच्या डब्यातले तीन गुळपापडीचे लाडू उभ्याउभ्या खाल्ले.

आधी आकडे समजून घ्या

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, हे मधुमेहाचे आकडे. (जेवणानंतरचा हा २०० चा आकडा खरं तर ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीचा आहे, पण आपल्याकडे लॅबमध्ये बहुतेकदा जेवूनच करतात.) एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठ्यावर. माझ्यासारखी लक्षणं असतील आणि दोन आकडे वर असतील तर शंकेला जागा राहत नाही. लक्षण काहीच नाही आणि एकच आकडा जेमतेम वर आहे, तर तपासणी पुन्हा करून घ्या.

एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली ते हा आकडा सांगतो. बायकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खरा असतो त्यापेक्षा थोडा जास्त दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.

एक धोक्याची खूण सांगून ठेवते. वजन झपाट्यानं उतरतंय, उलट्या होताहेत, पोटात दुखतंय, धाप लागतेय, तोंडाला फळासारखा वेगळाच वास येतोय, असं असेल तर हा लेख वाचत बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर काही आठवत नाही. माझे प्रश्न असे होते: माझं लक्ष्य किती? गोळी जेवणाआधी की नंतर? या गोळीनं साखर एकदम खाली जाऊ शकते का? डोळ्यांचा पडदा, किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, शिवाय कोलेस्टेरॉल कधी तपासायचं? आपल्यासारख्यांचा हा मधुमेह (टाइप २) अनेकदा काही वर्षं अंगात असतो आणि मग सापडतो, म्हणून डोळे आणि किडनी पहिल्याच महिन्यात बघून घ्यायची असतात. डोळ्यांत थेंब घातले की काही तास धूसर दिसतं. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका.

पोळीचा गोळा काट्यावर ठेवला तेव्हा

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथेच माझं सगळं बदललं.

आमच्याकडे पोळीचा गोळा ठरलेल्या वजनाचा असतो, ५० ग्रॅम. कोणाला लहान, कोणाला मोठी असं होऊ नये म्हणून मी लाटणाऱ्या बायकांना सुरुवातीपासून काटा दिलाय. आहारतज्ज्ञ बाईंनी "किती पोळ्या खाता?" विचारलं, मी म्हटलं तीन. त्या म्हणाल्या, "केवढ्या?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाच्या पोळीचं वजन मला माहीत आहे, माझ्या स्वतःच्या ताटाचं नाही. त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मी माझं जेवण एकेक करून काट्यावर ठेवलं.

पन्नास ग्रॅमच्या गोळ्यात कणीक साधारण ३० ग्रॅम, बाकी पाणी. त्यातून कर्बोदकं, म्हणजे ज्यांची रक्तात साखर होते ती, मिळतात वीसएक ग्रॅम. हे झालं माझं एक 'माप'. मग वाटीभर भात तोलला, १५० ग्रॅम भरला. त्यात कर्बोदकं चाळीसच्या वर, म्हणजे एक वाटी भात बरोबर दोन पोळ्या. मी रोज तीन पोळ्यांवर "थोडासा" भात घ्यायचे, तो निघाला दीड वाटी. एका जेवणात सहा पोळ्यांएवढा ऐवज! आणि मी मनाशी म्हणत होते की मी फार जेवत नाही.

ज्वारीची भाकरीही तोलली. आमची भाकरी ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे तीही दोन पोळ्यांच्या बरोबरीची. भाकरी चांगलीच, पोट भरलेलं राहतं, पण "भाकरी कितीही खा" हे खरं नाही. नाचणीची भाकरी आणि नाचणीची पातळ आंबील यांतही फरक पडतो. पातळ, शिजून मऊ झालेलं पीठ लवकर पचतं आणि साखर लवकर चढते.

तुम्ही एवढंच करा. घरातली एक वाटी ठरवा, तिला पट्टी बांधा, भात त्याच वाटीनं घ्या. काटा नसेल तर तीनशे-चारशेत मिळतो. एका जेवणात दोन ते तीन माप ही माझी मर्यादा, तुमची तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. मग दोन पोळ्या खा, किंवा एक पोळी आणि अर्धी वाटी भात. घरासाठी जे शिजतं तेच खायचं, वेगळी भांडी चढवायची नाहीत. मधुमेहाचा वेगळा स्वयंपाक घरातली बाई स्वतःसाठी फार तर महिनाभर करते. नंतर तिचा तिलाच कंटाळा येतो, हे मी माझ्या गिऱ्हाइकांत पाहिलंय.

रिकाम्या झालेल्या जागेत काय घालायचं? मटकीची उसळ, हरभऱ्याची आमटी, अंडं, मासे, पनीर, दही, आणि ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर. बटाटा भाजीत धरू नका, तो भाताच्या घरातला. खाण्याचा क्रमही बदलून बघा: आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी. माझी साखर या एका बदलानं कमी चढते.

चहा. मी दिवसाला सहा चहा प्यायचे, प्रत्येकात दोन चमचे साखर. बारा चमचे! आता दोन चहा, बिनसाखरेचे. दहाबारा दिवस वाईट लागला, मग जिभेला सवय झाली. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून काही साधत नाही, रक्तात दोन्हीची साखरच होते. "शुगर फ्री" बिस्किटांचा पुडा उलटा करून वाचा, पहिलं नाव बहुतेकदा मैद्याचंच असतं.

मशीन आणि आंब्याचा हात

ग्लुकोमीटर घ्या. आधी स्ट्रिप्सची किंमत विचारा, मशीनची नंतर, कारण खर्च स्ट्रिप्सचा आहे. मे महिन्यात आमरसाच्या ऑर्डरी होत्या. सकाळपासून हापूस पिळत होते. मध्येच हात नुसता फडक्याला पुसून मी बोट टोचलं. २४४. माझ्या पोटात गोळाच आला. मुलगी म्हणाली, "आई, हात धुऊन परत बघ." साबणानं धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं: १५१. ते आंब्याचं पाणी बोटाला होतं. तेव्हापासून नियम: साबण, कोरडा हात, बोटाच्या कडेला टोचायचं, मध्यावर नाही. कडेला दुखतंही कमी.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. रोज सगळ्या वेळा मोजायची गरज नाही. मी पहिला महिना जोड्या मोजल्या, एकाच जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी. एक दिवस भात, एक दिवस भाकरी, एक दिवस पोहे. वहीत लिहिलं. पोह्यांनी माझी साखर ७० नं वाढते, दोन अंड्यांच्या आम्लेट-पोळीनं तीसनं. तुमचं वेगळं येईल, म्हणूनच तुमची वही तुम्हीच भरायची. सकाळी उपाशीपोटीचा आकडा रात्रीपेक्षा जास्त आला तर घाबरू नका. पहाटे शरीरातली संप्रेरकं यकृताला साखर सोडायला लावतात, अनेकांचं तसं होतं.

गोळ्या

मला मेटफॉर्मिन दिली. पहिले दहा दिवस पोट बिघडलेलं होतं. जेवणासोबत घेतली, डॉक्टरांनी मात्रा हळूहळू वाढवली, मग बसलं. त्रास होतोय म्हणून परस्पर बंद करू नका, फोन करा. 'एसआर' (पोटात हळूहळू विरघळणारी) लिहिलेली गोळी चावायची किंवा कुटायची नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं, तेही अधूनमधून बघायचं. जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळते. मूळ नाव, मिलिग्रॅम आणि एसआर जुळतंय ना, एवढं बघून घ्या.

ग्लिमेपिराइडसारखी, साखर एकदम खाली नेऊ शकणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जेवण चुकवायचं नाही. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, असं झालं तर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच, पंधरा मिनिटांनी परत मोजा. तिथे लाडू, चॉकलेट उपयोगाचं नाही, तुपामुळे साखर उशिरा चढते. लोकलनं जाणाऱ्यांनी पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. मुंब्र्याच्या पुढे गाडी थांबली की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

चालणं आणि पाय

सकाळी तास-तास चालायला मला वेळ नाही, पाचला कणीक भिजते. डॉक्टरांनी आठवड्याला १५० मिनिटं सांगितली, ती मी तुकड्यांत करते. दुपारी जेवले की पंधरा मिनिटं, रात्री जेवले की मिस्टरांबरोबर तलावपाळीला एक फेरी. शनिवार-रविवारी तिथे गर्दीत पाय उचलत नाही, तेव्हा पाचपाखाडीला कचराळी तलावावर जातो. जेवणानंतरचं चालणं लगेच कामाला येतं, मशीनवर दिसतं.

वडिलांच्या पायामुळे मी हे रोज करते: रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवा आरशात बघते. भेग, फोड, रंग बदललेला, काहीही असो. पावसात नौपाड्याच्या सखल गल्ल्यांत पाणी भरतं, त्यातून अनवाणी किंवा नुसत्या स्लिपरवर जायचं नाही. गरम पाण्यात पाय बुडवायचे तर आधी दुसऱ्याला हात घालून बघायला सांगा. संवेदना कमी झाली असेल तर चटका कळत नाही.

उपास आणि माणसं

आषाढीला मी साबुदाणा तोलला. तो जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे, वर बटाटा. खिचडीची एक बशी माझ्या अख्ख्या जेवणाएवढी निघाली, आणि उपासाला ती दोनदा होते. मी दही, शेंगदाणे, एक फळ आणि अर्धी वाटी वरी असा उपास केला. गोळ्या चालू असताना निर्जळी करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "विठोबा काही वजनकाटा घेऊन बसलेला नाही. तू नीट राहा."

"गोड फार खाल्लंस का गं?" हे तुम्हाला दहा जण विचारतील. आईवडिलांकडून आलेलं, पोटाचा वाढलेला घेर, बसून किंवा जागच्या जागी उभं राहून केलेली कामं, अपुरी झोप, असं पुष्कळ काही त्यात असतं. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की जोखीम वाढलेली धरतात, दिसायला माणूस बारीक असला तरी. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींवर लोक असल्याचा अंदाज आहे. तुम्ही कुठला गुन्हा केलेला नाही. घरात मात्र पहिल्या दिवशीच सांगा. भावंडांनाही सांगा, त्यांनी तपासणी करायला हवी. माझ्या धाकट्या भावाचा आकडा ६.१ निघाला, त्यानं वेळेत चालायला सुरुवात केली.

कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड, सगळं मला लोकांनी आणून दिलं. कारल्याची भाजी मी आवडीनं खाते. गोळीच्या जागी यातलं काही घेत नाही.

तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करायची. शेवटच्या आठवड्यात कडक पथ्य करून रिपोर्ट सुधारत नाही, आधीचे अडीच महिने त्यात आलेलेच असतात. जुलैच्या अखेरीस माझा ६.९ आला. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आणि पोह्यांचं पान बघायला वही मागून घेतली. पुढची तपासणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या वेळेला. कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीय, आणि चिवड्याचा पहिला घाणा त्या दिवशी मुलगी काढणार आहे.