जुन्या गाडीचा एसी बदलताना: गॅस सगळ्यात शेवटी

माझ्या जुन्या गाडीला कंपनीचा एसी नव्हताच. आधीच्या कुणा मालकाने डॅशबोर्डखाली लटकणारं युनिट बसवून घेतलं होतं. गॅस आर-१२, आणि बॉनेटखाली उखळाएवढा दोन पिस्टनचा कॉम्प्रेसर. तो चालू झाला की आरसेसुद्धा थरथरायचे.

आत गॅस उरला असेल तर नट सैल करून हवेत सोडू नका. आर-१२ ओझोनचा थर खातो, १९८७च्या माँट्रियल करारापासून त्याच्यावर गदा आली ती उगाच नाही. रिकव्हरी मशीन असलेल्याकडून तो काढून घ्या.

मी कूलिंग कॉइल तेवढी ठेवली, बाकी सगळं नवीन: रोटरी कॉम्प्रेसर, पॅरलल फ्लो कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर (ओल शोषून घेणारी डबी), होज. गॅसही नवा, आर-१३४ए. कॉइल मात्र फ्लश करून घेतली. आतलं जुनं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. ते कुठेतरी साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. नव्या कॉम्प्रेसरला पॅग ऑइल, म्हणजे कृत्रिम तेल, लागतं, ग्रेड त्याच्याच पुस्तिकेत बघा. ओ-रिंगा, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या, आर-१३४ए ला चालणाऱ्याच घ्या.

ड्रायरची बुचं अगदी शेवटी काढा. मी पहिल्यांदा ड्रायर आधी बसवला आणि बाकीचं उद्यावर टाकलं. रात्रभर तो हवेतली ओल पीत बसला, सकाळी दुसरा आणावा लागला.

जोड आवळताना दोन पाने लागतातच, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळवटतो.

मग व्हॅक्यूम. पंप लावून आतली हवा ओढली, गेजचा काटा २९ इंचांवर (पाऱ्याच्या इंचांत मोजलेला व्हॅक्यूम) नेला, तरी पाऊण तास चालू ठेवला. इतक्या कमी दाबाला आत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं. नंतर गेजचे कॉक बंद करून अर्धा तास नुसतं बसायचं; काटा घसरला तर कुठेतरी गळती आहे. माझा काटा २६वर आला. जोड एकेक उघडत गेलो, तर कॉइलमागच्या जोडातली कोरी ओ-रिंग चिमटली होती. डोळ्यांना दिसेना, नखाला चीर लागली. बसवताना तेलाचा थेंब लावायला विसरलो होतो, दुसरं काय! ती बदलली, पुन्हा पाऊण तास पंप, आणि या वेळी काटा जागचा हलला नाही.

आता गॅस. चष्मा, हातमोजे घाला. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो, कातडीवर उडाला तर जाळतो. आधी कॉम्प्रेसरचा हब हाताने दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे साचलेलं तेल सरकेल. कॅन वजनकाट्यावर उभा ठेवा आणि होजमधली हवा काढून टाका. इंजिन बंद असताना व्हॅक्यूमच थोडा गॅस ओढून घेतो. मग इंजिन साधारण १५०० आरपीएमवर ठेवून निळ्या, लो साइडनेच (कमी दाबाच्या बाजूने) भरा. कॅन उलटा करू नका, द्रव आत गेला तर कॉम्प्रेसर फुटतो. आणि इंजिन चालू असताना लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूच्या कॉकला हात लावू नका. उलटा दाब कॅनमध्ये शिरला तर कॅनच फुटेल.

माझ्या किटच्या पुस्तिकेत ८१६ ग्रॅम लिहिलं होतं, तेवढंच भरलं. ड्रायरवरच्या, आतला गॅस दाखवणाऱ्या काचेत थोडे बुडबुडे राहिले, राहू दिले. आर-१३४ए च्या बाबतीत ती काच फसवते. बुडबुडे घालवायच्या नादात गॅस जास्त होतो आणि थंडावा उलट कमी.

शेवटी बॉनेटच्या आतून चिठ्ठी चिकटवली: गॅस, तेलाची ग्रेड, वजन, तारीख. आधीच्या मालकाने एवढं केलं असतं तर माझे दोन दिवस तरी वाचले असते.